गॅडिसचा उजवा कान

डेट्रॉइटच्या लिनवुड रस्त्यावर मिस व्हर्डी टॉलिव्हरचं दुकान होतं. पुढच्या भागात बायकांचे केस सरळ व्हायचे आणि मागच्या भागात, जिथं पूर्वी धोबीखाना होता, तिथं गाणी व्हायची. पुढून गरम कंगव्याचा करपट वास यायचा, मागून ड्रमचा दणका. मधे एक पातळ भिंत, आणि त्या भिंतीला पाठ लावून एल्सवर्थ गॅडिसची खुर्ची.

गॅडिस बोलणाऱ्याकडे कधी सरळ बघत नसे. उजवा गाल पुढे करून, मान जराशी वळवून ऐकायचा. चर्चमधल्या लोकांना वाटे, मोठा तोरा आहे याला. वाजवणाऱ्या पोरांना वाटे, गाणं मुरवण्याची ही त्याची तऱ्हा आहे, आणि एकदोघांनी तर ती उचललीसुद्धा. खरी गोष्ट अशी, की अकरा वर्षांपूर्वी गाड्यांचे पत्रे दाबायच्या कारखान्यात हवेचा एक पाइप त्याच्या डाव्या कानाशी फुटला आणि तो कान कायमचा बंद झाला. ही गोष्ट त्याच्या बायकोला, आयडेलाला ठाऊक होती. बाकी त्यानं या कानाची खबर त्या कानाला लागू दिली नव्हती.

का लपवलं? अहो, एका डोळ्याच्या माणसाला दागिने घडवायला कोण बसवील? गाणं जुळवायच्या खुर्चीवर एका कानाचा माणूस बसलाय हे कळल्यावर कोण आपलं गाणं त्याच्या हाती देईल? म्हणून तो गप्प राहिला. आयडेला त्याच्या उजव्या हाताला चाले, उजव्या हाताला बसे. ती नसताना डाव्या बाजूनं कुणी काही बोललं, तर गॅडिस हसून मान डोलवी. या मान डोलवण्यापायी तो दोन वर्षं चर्चच्या अंत्यविधी मंडळाचा सभासद होता आणि एकदा एक शिकारी कुत्रा विकत घ्यायला निघाला होता.

पण तो एक कान! काय कान होता राव!

तेव्हा गाणं चार पट्ट्यांच्या टेपवर घेत. एकीवर ड्रम आणि बास, दुसरीवर पियानो आणि गिटार, तिसरीवर ब्रास, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले, चौथीवर गाणारी. या चौघांना एकत्र आणून एकाच स्पीकरमधून बाहेर काढायचं, हे गॅडिसचं काम. त्याला मोनो म्हणत. दार एकच आणि आत शिरणारे बारा जण. कुणाला पुढे घ्यायचं, कुणाला खांद्याला धरून मागे सारायचं, हे सगळं त्याची बोटं करत. आणि काम झालं की तो ‘डबडं’ जोडायचा. डबडं म्हणजे भंगारातल्या गाडीतून उपटलेला, लाकडी खोक्यात बसवलेला पाच इंची स्पीकर.

“आपली माणसं गाणं कुठं ऐकतात?” तो म्हणायचा. “गाडीत. कारखान्यातून सुटल्यावर, लाल दिव्याला थांबून, शेजारून बस धडधडत जाताना. त्या एवढ्याशा भोकातून पोरगी शेजारच्या सीटवर येऊन बसली पाहिजे. नाही बसली, तर आपण केस सरळ केलेलेच बरे.”

त्याचा नियम ठरलेला होता. गाणं तबकडीवर कोरायचं, म्हणजे तबकडी ‘कापायची’, तर दोन. एक डबड्यावर वाजवून ऐकायची, दुसरी न वाजवलेली रेडिओवर धाडायची. कारण ती मऊ नमुन्याची तबकडी वाजवावी तशी झिजते.

आणि मग सहासष्टच्या मे महिन्यात स्टिरिओ आलं. कानामागून आलं आणि तिखट झालं म्हणतात, तसं. मिस व्हर्डीनं नवं यंत्र घेतलं, दोन मोठे स्पीकर घेतले, आणि त्यांच्याबरोबर थॅडियस बॉयकिन आला. सत्तावीस वर्षांचा, लष्करात तारायंत्रं दुरुस्त केलेला, शर्टाच्या खिशात तीन पेनं. माणूस वाईट नव्हता. फक्त आपण येण्यापूर्वी जग होतं, हे त्याला पटत नसे.

“म्हातारबा, आता दोन बाजू असतात,” तो गॅडिसला म्हणाला. “ड्रम डावीकडे, ब्रास उजवीकडे, आणि गाणारी बरोब्बर मधोमध. डोळे मिटले की अख्खं स्टेज दिसतं!”

गॅडिसनं डोळे मिटले. त्याला काही दिसलं नाही. एका कानाला डावं काय आणि उजवं काय! पण तोंडानं म्हणाला, “छान आहे.”

त्याच आठवड्यात डबडं कोठीघरात गेलं. बॉयकिनचं म्हणणं, तेच काम दोनदा कशाला करायचं? स्टिरिओ एकदा जुळवायचं, रेडिओसाठी दोन्ही बाजू एकत्र ओतायच्या, झालं मोनो. आणि दोन तबकड्याही नकोत, एकच कापायची. खाचा भिंगाखाली तपासल्या की पुरे. मिस व्हर्डी हिशेबी बाई, तिला हे पटलं. गॅडिसला तिनं सांगितलं, “तू बॉयकिनच्या शेजारी बस. शिकून घे.” तो शेजारी बसला. उजव्या हाताला बॉयकिन येईल अशा बेतानं बसला.

गाणं होतं ओझेला मीन्सचं. ओझेला मोठ्या दुकानात लिफ्ट चालवायची. दिवसभर ‘तिसरा मजला, बायकांचे कोट’ म्हणणारी एकोणीस वर्षांची पोर चर्चमध्ये उभी राहून गायला लागली की म्हाताऱ्या बायका पंखे थांबवत. ‘दार लोटून ठेव, कडी लावू नको’ हे तिचं पहिलं गाणं. गॅडिसचा तिच्यावर जीव होता, पण हल्ली ती त्याच्याशी फटकून वागत होती. पूर्वी चर्च सुटल्यावर मिस्टर गॅडिस, मिस्टर गॅडिस करायची. आता नुसतं ‘नमस्कार’, तेही भिंतीकडे बघून. आपलं काय चुकलं ते त्याला कळेना, आणि विचारायला जीभ रेटेना.

बुधवारी दुपारी चार वाजता ते गाणं अंकल बिस्किट रेडिओवर लावणार होता. अंकल बिस्किट म्हणजे शहरातल्या आपल्या काळ्या माणसांचा चार वाजल्याचा भोंगाच. त्यानं लावलं की गाणं घराघरात, आणि त्याला नाही आवडलं तर दुसऱ्यांदा दार उघडत नसे. तसं तो हवेवरच सांगायचा, “बिस्किट एकदाच भाजतं, बाळांनो!”

बुधवारी सकाळी दहा वाजता सगळे नव्या खोलीत गाणं ऐकायला जमले. मिस व्हर्डी, ओझेला, वाजवणारे चौघे, आणि बॉयकिन मधे उभा, नवरदेवासारखा. त्यानं टेप सोडली.

खोली भरून गेली! ड्रम एकीकडून, ब्रास दुसरीकडून, आणि ओझेलाचा आवाज कुठून येतोय तेच कळेना. भिंतीतून, छतातून, चोहीकडून. ड्रमवाला ओरडला, “अगं बाई, तू तर पाण्यासारखी पसरलीस!” मिस व्हर्डीनं टाळ्या पिटल्या. ओझेलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

गॅडिस मागच्या बाजूला, खोलीच्या बरोबर मध्यावर उभा होता. उजवा गाल पुढे, कान दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर. त्याला ड्रम ऐकू आले, ब्रास ऐकू आले. आणि पोरगी? कुठेतरी लांब, चार घरं पलीकडे कुणी गुणगुणावं तशी. त्याला वाटलं, गेला हाही कान! त्यानं बोटं कानाजवळ चोळून पाहिली. नीट ऐकू आली. तो एक पाऊल बाजूला सरला. आवाज जरा जवळ आला. परत मध्यावर आला. परत गेली पोरगी.

“पोरगी कुठाय?” त्यानं विचारलं.

“काय?” मिस व्हर्डी म्हणाली.

“मला पोरगी ऐकू येत नाही.”

बॉयकिन हसला. “म्हातारबा, सात जणांना ऐकू येतेय. तुम्हालाच येत नसेल तर डॉक्टरला दाखवा.” ड्रमवाला फिदीफिदी हसला. ओझेला मात्र हसली नाही. तिनं गॅडिसकडे असं पाहिलं, की त्याला तिथून निघून जावंसं वाटलं.

“गॅडिस,” मिस व्हर्डी म्हणाली, “नवं आलं म्हणून पोटात दुखतंय का तुझ्या? जा, बाहेर बसून दोन घास खा.”

गॅडिस मागच्या पायऱ्यांवर बसला. मांडीवर सँडविच तसंच राहिलं. बारा वाजता बॉयकिननं तबकडी कापली, भिंगातून पाहिली, एक वाजता स्वतः रेडिओवर नेऊन दिली आणि शीळ घालत परत आला. ओझेला पुढे दुकानात केसांना रोलर लावून बसली, कारण साडेचारला तिचा फोटो काढायचा होता.

आणि गॅडिसच्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता. मी एक पाऊल बाजूला सरलो तर ती जवळ कशी आली? कान बिघडला असता तर सगळीकडून बिघडला असता. कानाचा दोष पावलानं कसा बदलेल?

अडीच वाजता तो उठला. कोठीघरात शिरला, शॅम्पूची खोकी उपसली, डबडं बाहेर काढलं, छातीशी धरून नव्या खोलीत आणलं. दोन्ही बाजू एकत्र करून त्याला जोडल्या. टेप सोडली.

ड्रम. बास. ब्रास, गिटार, सगळं खणखणीत. आणि ओझेला नाहीच! तिचा शब्दसुद्धा नाही! तळघरात आवाज घुमवून घेत, तो घुमारा तेवढा मागे उरला होता, विहिरीच्या तळातून यावा तसा. गॅडिसच्या अंगावर काटा आला. आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी त्याला आनंदही झाला. कान शाबूत होता! पुढच्या क्षणी त्याला घड्याळ दिसलं आणि तो ओरडत धावला.

“मिस व्हर्डी! मिस व्हर्डी! चार वाजता रेडिओवर कुणी गाणारच नाहीये!”

मिस व्हर्डी हातात कंगवा घेऊन आली, बॉयकिन धावत आला. डबड्यातून गाणं वाजलं. मिस व्हर्डीचा कंगवा हवेतच राहिला.

“भंगार आहे ते,” बॉयकिन म्हणाला, पण त्याचा आवाज उतरला होता. “डबडं बिघडलंय. कोठीत पडून होतं ना. मोठ्या स्पीकरवर ती आहे. सकाळी सात जणांनी ऐकली. तुम्हालाच कशी ऐकू आली नाही, ते सांगा आधी!”

सगळं येऊन या प्रश्नावर अडलं. मिस व्हर्डीही गॅडिसकडे बघायला लागली. “हो, सांग ना. सातांना आली, तुला का नाही?”

याचं उत्तर एकच होतं, आणि ते दिलं की खुर्ची गेली. खोटं बोलावं तर गाणं गेलं. घड्याळात तीनला पाच मिनिटं कमी होती. गॅडिसनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“कारण तुम्हाला दोन कान आहेत,” तो म्हणाला. “मला एकच आहे. डावा अकरा वर्षांपूर्वी गेला. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही मला ठेवलं नसतं.”

गॅडिसनं मिस व्हर्डीचा हात धरला, खोलीच्या मध्यावर नेऊन उभी केली. “आता काय करायचं ते नंतर करा माझं. आधी डावा कान दाबा. घट्ट! मान अशी वळवा. उजवा कान इथं, बरोब्बर इथं. बॉयकिन, टेप सोड!”

मोठे स्पीकर सुरू झाले. मिस व्हर्डी कानात बोट घालून उभी राहिली. आणि तिचा चेहरा बदलला. तिनं बोट काढलं, घातलं, पुन्हा काढलं. “अरे देवा,” ती म्हणाली. “गेली की पोरगी!”

बॉयकिनला आता ऐकायची गरजच उरली नव्हती. तो नव्या यंत्राच्या मागे पालथा पडला होता. तिथूनच तो म्हणाला, “उलट्या... दोन तारा उलट्या डाखल्यात मी. ड्रम एकाच बाजूला, ब्रास एकाच बाजूला, त्यांना काही होत नाही. पण ती मधे, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी वाटलेली. एक स्पीकर तिला पुढे ढकलतोय, दुसरा मागे ओढतोय. दोन वेगळ्या कानांना ते भरल्यासारखं वाटतं. एका कानाला... एका रेडिओला...”

“उरतं शून्य,” गॅडिस म्हणाला.

मिस व्हर्डीनं रेडिओला फोन लावला. लागतोय कशाला! चारच्या आधी अख्खं शहर अंकल बिस्किटला फोन करत असतं. तिनं फोन आपटला. “गॅडिस! तुझ्या त्या एका कानाबद्दल मी तुला नंतर धुऊन काढणार आहे. आता बस खुर्चीवर!”

गॅडिस बसला. नव्या यंत्राचा फक्त डावा अर्धा भाग त्यानं घेतला, चारी पट्ट्या त्यातच ओढल्या. बॉयकिन न सांगता टेप मागे-पुढे करायला लागला. गॅडिसचा कान डबड्याशी टेकलेला, बोटं बटणांवर. बास पुढे. ब्रास, जरा मागे व्हा रे, पोरीला वाट द्या. घुमारा थोडा, मिठाएवढाच. पहिल्या खेपेला ड्रम जड झाला. दुसऱ्या खेपेला ओझेला डबड्यातून बाहेर आली आणि थेट त्याच्या मांडीशी येऊन बसली. “हीच!” तो ओरडला. “कापा!”

“एक कापू, वेळ नाही,” बॉयकिन म्हणाला.

“दोन.”

“गॅडिस, तीन वीस झालेत!” मिस व्हर्डी किंचाळली.

“दोन! ऐकल्याशिवाय या खोलीतून काही जाणार नाही. मघाशी तेच तर केलंत.”

दोन कापल्या. एक डबड्यावर वाजवली. ओझेला होती! बॉयकिन दुसरी पिशवीत घालून धावला, मागून मिस व्हर्डी किल्ल्या खुळखुळवत, मागून गॅडिस. दुकानातून जाताना ओझेला खुर्चीवरून उठली. “काय झालं? माझ्या गाण्याला काय झालं?”

“गाडीत बस, पोरी!”

“या रोलरांसकट?”

“रेडिओवर डोकं दिसत नाही!”

मिस व्हर्डीची ब्यूइक लिनवुडवरून सुटली ती कुणाला भीक घालीना. पुढे तिच्या उजव्या हाताला गॅडिस, मागे ओझेला आणि पिशवी पोटाशी धरलेला बॉयकिन. बॉयकिननं रस्ताभर ओझेलाला आपली चूक सांगितली, एकही शब्द न चोरता, आणि ओझेलानं त्याला जे ऐकवलं ते चर्चमध्ये शिकवत नाहीत. गाडीतला रेडिओ चालूच होता. “बाळांनो, चार वाजता अंकल बिस्किट एक नवी पोरगी आणतोय!” फर्निचरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर रेडिओ स्टेशन होतं. चारला दोन मिनिटं कमी असताना गाडी फुटपाथला घासून थांबली. बॉयकिन गाडी थांबायच्या आधीच उतरला आणि एकेका उडीत तीन-तीन पायऱ्या चढत दिसेनासा झाला.

तिघं गाडीतच राहिली. खिडक्या खाली केल्या. आता करण्यासारखं काही नव्हतं.

“आणि आता,” रेडिओ म्हणाला, “लिनवुडवरची, तुमच्या-आमच्यातली, ओझेला मीन्स!”

“पोचला का बॉयकिन?” ओझेलानं विचारलं. कुणाला ठाऊक?

ड्रम सुरू झाले, मग बास. आणि तेव्हा गॅडिसच्या लक्षात आलं, की पहिले आठ ठोके मघाच्या आणि आताच्या, दोन्ही तबकड्यांवर अगदी सारखे आहेत. कुठली लागलीय, हे पोरगी आल्याशिवाय कळणारच नाही. मिस व्हर्डीनं चाक गच्च धरलं. ओझेलानं श्वास रोखला, गाण्याआधी रोखते तसाच. पाच. सहा. सात. ब्रास कडाडले. आठ.

“दार लोटून ठेव...”

ती आली! त्या एवढ्याशा भोकातून अख्खीच्या अख्खी ओझेला बाहेर आली आणि समोरच्या काचेला भिडली! मिस व्हर्डीनं हॉर्न दाबला तो सोडेना. शेजारच्या ट्रकमध्ये तेच लागलं होतं, पलीकडच्या न्हाव्याच्या दुकानातही तेच. वर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून अर्धा बाहेर आलेला बॉयकिन दोन्ही हात हलवत होता. गॅडिस टोपी तोंडावर धरून रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

गाणं संपत आलं तेव्हा ओझेला मागच्या सीटवरून पुढे वाकली आणि त्याच्या डाव्या खांद्याशी तोंड नेऊन काहीतरी बोलली. गॅडिसची मान सवयीनं हलायला लागली. हसूसुद्धा आलं ओठांवर. मिस व्हर्डी त्याच्याकडे बघत होती. मान अर्ध्यात थांबली.

“पोरी, या बाजूनं सांग,” तो म्हणाला. “त्या कानानं मला ऐकू येत नाही. अकरा वर्षं झाली.”

ओझेला त्याच्याकडे बघतच राहिली. “म्हणजे... ते तीन रविवार...”

“कुठले तीन रविवार?”

“चर्च सुटल्यावर, दारात, मिसेस गॅडिस यायच्या आधी! तीन रविवार मी तुम्हाला आमच्याकडे जेवायला बोलावतेय, मिस्टर गॅडिस. तिन्ही वेळा तुम्ही हसून मान हलवलीत. तिन्ही वेळा आईनं तुमचं नि मिसेस गॅडिसचं ताट मांडून ठेवलं. कॉर्नब्रेड गार झाली, तरी ती कुणाला हात लावू देईना. तिला वाटलं, आमचं घर तुम्हाला कमी वाटतं.”

ओझेला सीटवरून सरकत पलीकडे गेली, रोलर लावलेलं डोकं त्याच्या उजव्या खांद्यावरून पुढे काढलं आणि लिफ्टमधल्या आवाजात, तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल असं ओरडली, “रविवारी! एक वाजता! येणार का?”

“हळू गं बाई,” गॅडिस कान चोळत म्हणाला. “हा एकच उरलाय. येतो म्हणून सांग आईला. आणि मला टेबलाच्या डाव्या टोकाला बसवा. सगळी माणसं उजवीकडे आली पाहिजेत. मला सगळ्यांचं ऐकायचंय.”